सोडियम पळालं!

आमच्या प्रयोगशाळेत दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये कणभर पदार्थ धरून तो दाबायचं काम स्क्रूमामांचं. स्क्रू केसाकेसानं आवळायचे. घाई केली की हिरा तडकलाच. तीस वर्षांत एकही तडकला नाही, हे मामांच्या तोंडून ऐकून आमचे कान किटलेत.

परवा हिऱ्यांमध्ये सोडियम होतं, चांदीसारखं चकचकीत. मामा आवळत गेले तसं ते काळं पडलं. आणखी आवळून सूक्ष्मदर्शकात बघतात तर काय, जागा रिकामी!

"पळालं!" मामा ओरडले.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी डोकावून पाहिलं आणि त्या हसल्या. "आहे तिथंच आहे, मामा. एवढ्या दाबाखाली धातूपणा सोडून काचेसारखं पारदर्शक झालंय."

"दाबल्यावर कोणी पारदर्शक होतं का? काहीतरीच!" मामा बडबडतच घरी गेले.

दारात मामी कमरेवर हात ठेवून उभ्या. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय. आज काय खाल्लंत?"

"काही नाही."

मामी नुसत्या बघत राहिल्या.

"एक केक," मामा म्हणाले.

मामी बघतच राहिल्या.

"दोन."

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मामा म्हणाले, "बाई, सोडियमचं पटलं मला."