नलिनीताईंनी बदललेला एक शब्द

आदरणीय नलिनीताई घरत यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून या गौरव अंकासाठी मला लिहायला सांगितलं. मी वजनकाट्यावरचा माणूस. भरलेला ट्रेलर किती टनांचा ते सांगेन, लेख लिहिणं माझं काम नव्हे. पण ताईंबद्दल म्हटल्यावर नाही म्हणवेना.

माझी त्यांची पहिली भेट उरणच्या आमच्या कंटेनर यार्डात झाली. नेमणूकपत्रं देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. डिसेंबर महिना होता. आमचं घराणं मिठागरातलं, कंपनीचं पत्र हाती घेणारा घरातला मी पहिलाच. ताईंनी पत्र वाचायला दिलं आणि विचारलं, ‘‘समजलं ना?’’ मी रुबाबात ‘‘समजलं’’ म्हणालो आणि सही ठोकली.

पत्रात लिहिलं होतं, ‘आपली नेमणूक हंगामी स्वरूपाची आहे.’ आता मिठागरवाल्याला हंगाम कोण शिकवणार? पाऊस जवळ आला की मीठ उचलायचं, काम बंद, दिवाळीनंतर पुन्हा सुरू. त्या हिशेबाने मे संपताच मी घरी बसलो. कुणाला विचारलंसुद्धा नाही, एवढा मी शहाणा.

दहा-बारा दिवसांनी ताई आमच्या दारात उभ्या. त्यांच्या पिशवीत माझ्या नावाचं दुसरं पत्र होतं. न कळवता गैरहजर, सबब कामावरून कमी. टाईप त्यांनीच केलेलं, साहेबांची सही तेवढी बाकी होती. पण सहा महिन्यांत एक खाडा न केलेला माणूस एकदम यायचा का थांबला, हे कळल्याशिवाय ते पत्र सहीला ठेवायला त्यांचं मन घेईना.

आई म्हणाली, ‘‘हंगाम सरला, त घरी आला. कागदान तसाच लिवलाय नं, बाय.’’

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ताई मात्र खाली चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘हंगाम म्हणजे तुमच्यात नेमकं काय, मला नीट सांगा बरं.’’ मी सांगत गेलो, त्या विचारत गेल्या. चहा निवून गेला. एका शब्दाचं एवढं कुतूहल असलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन साहेबांकडे गेल्या. ‘‘चूक यांची नाही, पत्राची आहे. आणि पत्र मी दिलंय.’’

साहेब म्हणाले, ‘‘ठरलेला मसुदा आहे, बाई. एका माणसासाठी बदलायचा?’’

‘‘मग वाचून कळलं नाही तरी चालेल, असं मला लेखी द्या.’’

असलं लेखी कोण देतंय? माझी नोकरी वाचली. मसुद्यात ‘हंगामी’ जाऊन ‘तात्पुरती’ आलं, आणि खाली एक ओळ वाढली : काम बाराही महिने आहे, आम्ही लेखी कळवेपर्यंत रोज यावे.

तेव्हापासून ताईंनी ‘समजलं ना?’ विचारणं सोडलं. ‘‘काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा,’’ असं त्या म्हणू लागल्या. ‘परिवीक्षा कालावधी’, म्हणजे कायम होण्याआधीचा काळ, हे वाचून एका ड्रायव्हरने विचारलं, ‘‘परीक्षेला काय काय येतं?’’ ‘स्थूल वेतन’ वाचून सफाईला आलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘जाड्या माणसांना येगला पगार हाय काय?’’ ताई पोट धरून हसल्या, पण शब्द वहीत उतरवून घेतला. पुढच्या पत्रात ‘कपातीआधीचा एकूण पगार’ असं छापून आलं. पत्र कुणाला जड गेलं, तर त्या सही उद्यावर ढकलत आणि म्हणत, ‘‘घरी सगळ्यांना वाचून दाखवा, मग या.’’

एकदा मी त्यांना विचारलं, ‘‘ताई, मी खरंच नोकरी सोडली असती तर? तुमची फेरी फुकटच गेली असती.’’

‘‘फुकट कशी? तुम्ही समजून सोडली एवढं तरी मला कळलं असतं. न समजता गेलेला माणूस मला झोपू देत नाही.’’

आता ताई निवृत्त झाल्या आहेत आणि नेमणूकपत्र मोबाइलवर येतं. खाली ‘मान्य’ असं बटण असतं, ते दाबलं की झालं. काय समजलं, हे कुणी विचारत नाही. म्हणून नव्या माणसांना मी काट्यावरूनच ताईंच्या घरचा पत्ता देणार आहे, हे आजच सांगून ठेवतो. ताई, तब्येतीला जपा, डोळ्यांना जपा. अजून पुष्कळ वर्षं तुमच्या ओटीवर माणसं मोबाइल पुढे करून बसणार आहेत, आणि त्यांच्या नोकऱ्या तुमच्या एका प्रश्नावर टिकणार आहेत.