माळावरच्या बागेची मडकी

भूतखेत, करणी, बाहेरची बाधा... यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. ऐंशी ओलांडली, आजही नाही. या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणूनच वाचतो. माझा मात्र त्यासाठी लिहीत नाहीये. एका माणसावर मी आळ घेतला होता, तो मी असेपर्यंत पुसावा, एवढंच.

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या पुढचा उन्हाळा. भोसरीहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला, मोशीच्या अलीकडे, एका कारखान्याची शेड उभी राहायची होती. मी ठेकेदाराचा सुपरवायझर. जागा म्हणजे उघडा माळ, सावलीला बाभूळही नाही. तरी गावातले लोक त्याला 'बाग' म्हणत. जमीन कारखान्यासाठी जायच्या आधी बबनतात्यांची होती. आता ते तिथेच वॉचमन होते. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्या आज्यानंबी हितं झाड बघितल्यालं न्हाई, सायेब. नाव तेवढं हाय."

पायाचा चर खणताना मडकी लागली. गळ्यापर्यंत पुरलेली, तोंडावर चपटा दगड, एका ओळीत, सारख्या अंतरावर. प्रत्येकाशेजारी मुरमात काळ्या मातीचं गोल आळं आणि त्यात मुळांचा भुगा. पूर्वी रोपाशेजारी मडकं पुरून भरून ठेवत, पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळे. म्हणजे बाग खरंच होती. मी दगड सरकवून हात घातला. आत नुसती धूळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकी भरलेली होती... काठोकाठ. दगड पुन्हा जागच्या जागी.

त्या वर्षी पाणी टँकरने यायचं, हंड्यासाठी बायका भांडायच्या. आम्ही मडकी उपसली. पुढच्या सकाळी परत भरलेली. चर कोरडा ठाक, पहारीने ठिणगी उडावी असा. झिरपून यायला पाणी होतंच कुठे?

मजुरांनी पहारी खाली ठेवल्या. गंगूबाई म्हणून नगरकडची एक मजूर होती, ती म्हणाली, "कुणीतरी बाग जगवतंय, सायेब. आमी न्हाई फोडायचो."

"अगं, झाड कुठंय?" मी म्हटलं.

"ते त्याला जाऊन सांगा की!"

सगळे हसले, पण पहार कोणी उचलली नाही.

काम बंद पडल्यावर ठेकेदार शेठ जीप घेऊन आले. त्यांनी तात्यांनाच धरलं. "टँकरचं पाणी ओततोस काय रे? जमीन गेली म्हणून माझं काम अडवतोस?"

"न्हाई शेठ. मीबी रोज सकाळी बघतुया. कोन भरतंय, मला न्हाई दिसलं."

शेठ माझ्याकडे वळले. "तू बघितलंस ना याला?"

मी काहीच बघितलं नव्हतं. पण माणसाशिवाय मडकं भरत नाही, याबद्दल माझी खात्री होती आणि माणूस म्हणजे तात्याच असणार. म्हटलं, "हो. बादली घेऊन जाताना बघितलं."

लोक म्हणतील, नोकरीला घाबरून बोललो. तसं नाही. भुताटकीवर विश्वास नव्हता, म्हणून खोटं बोललो. ते खोटं मला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग काठी आणि शिट्टी खाली ठेवून गावाकडे चालायला लागले.

पुढच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी साइटवर गेलो. दगड सरकवले. मडकी भरलेली होती.

मी ती पहारीने फोडली. एकूण एक. पाणी मातीत जिरेपर्यंत उभा राहिलो, वर कोरडा मुरूम ओढला. मजूर आले तेव्हा म्हटलं, "बघा, तात्या गेले आणि पाणी बंद झालं." काम सुरू झालं. शेड वेळेत उभी राहिली. मला काही वाटलं नाही... हे लिहिताना तरी वाटावं म्हणून थांबून पाहिलं. नाही.

तात्यांचं काय झालं ते कानावर यायचं. दुष्काळात पाणी चोरणारा, हे नाव गावात चिकटलं. टपरीवर पोरं विचारायची, "काय तात्या, बागेला पाणी पाजून आलात का?" त्यांनी टपरीवर जाणं सोडलं.

सात-आठ वर्षांनी भोसरीच्या एसटी स्टँडवर ते भेटले. पार वाळले होते. शिव्या देतील असं वाटलं. ते शेजारी बसले, हळूच म्हणाले, "सायेब, एक विचारू? तुमी मला बघितलं म्हन्लात. मला काय बी आठवत न्हाई. मी झोपंत भरत आसंन का?"

मी गाड्यांच्या पाट्या वाचायला लागलो.

"मी गेल्यावर मडकी कोरडी ऱ्हायली का?"

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. शेठ नव्हते, काम नव्हतं, काहीच अडलं नव्हतं.

"हो तात्या," मी म्हटलं. "कोरडी राहिली."

त्यांनी मान हलवली. "मंग मीच आसंन." चाकणची गाडी लागली, ते उठून गेले. पुढच्याच वर्षी वारले, असं कळलं.

ते पाणी कुठून येत होतं, मला माहीत नाही. पन्नास वर्षं विचार करतोय, काही सुचत नाही. सांगता येतं ते एवढंच, की तात्या माळ सोडून गेल्यावरही मडकी भरलेली होती. तात्यांनी पाणी चोरलं नव्हतं. जागेपणी नाही, झोपेतही नाही.