बेंजो नावाची सवत

त्या बेंजो पार्टीचं नाव मी लिहिणार नाही. तिची फुकटात जाहिरात माझ्या हातून व्हायला नको. आणि शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला नाव सांगायची गरजच काय? जिथं बघाल तिथं तीच. खर्डी स्टेशनाबाहेरच्या रिक्षांच्या मागच्या काचेवर तिचा स्टिकर. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर कुणाच्या हळदीचा फ्लेक्स, त्यावर नवऱ्यामुलाच्या फोटोपेक्षा तिचं नाव मोठं. किराणावाल्याचा फोन वाजतो तो तिच्याच चालीवर. परवा दवाखान्यात प्रेशर तपासायला गेले, तर रांगेत माझ्यापुढं बसलेल्या बाप्याच्या टी-शर्टवर पाठभर तीच छापलेली. नर्स म्हणाली, मावशी, प्रेशर वाढलंय. म्हटलं, वाढणारच.

आमचे मालक जाऊन दोन दिवाळ्या झाल्या. ही बेंजो पार्टी त्यांची. मालकीची नव्हे, जिवाची. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं चालेल, पण हळदीला बेंजो पाहिजे म्हणजे पाहिजेच. एक बेंजोवाला, एक कॅसिओवाला, चार-पाच ढोलताशेवाले, आणि अंगणात गाव नाचतंय. हे आसनगावच्या कंपनीत कामाला होते. लग्नसराई लागली की कंपनीतून सुटून घरी नाही, जिथं त्या पार्टीची हळद असेल तिथं. कधी किन्हवली, कधी धसई, कधी पार टोकावडे. नातं असो नसो. आणि नाचायचे म्हणाल तर तेही नाही. बेंजोवाल्याच्या शेजारी उभे राहायचे, डोळे मिटून. शेवटी एक चाल वाजवायला लावायचे. तिला शब्द नाहीत. बेंजोवाल्यानं स्वतः बसवलेली, आधी सावकाश, मग मागून ढोल येतो. ती झाल्याशिवाय माणूस हलायचा नाही.

मला त्या बेंजोचा असा राग यायचा, की त्यापेक्षा सवत परवडली. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. बेंजोच्या काय उपटणार, तारा?

लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी थांबायची. आमच्यात बायको आधी जेवत नाही. ताटं झाकून बसायची, डास मारत. मग एक दिवस डोक्यात आलं, हळदीला मटण-भात असतो. हा माणूस तिथं ताव मारून येत असणार, आणि मी इथं उपाशी! त्या दिवसापासून आठ वाजले की मी जेवून घ्यायला लागले. रीत म्हणून ह्यांचं ताट झाकून ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. सकाळी ताट रिकामं, घासून पालथं घातलेलं. मला वाटायचं, एक तर ह्यांना भस्म्या झालाय, नाही तर माझी भाकरी कुत्र्याच्या पोटात जाते. मी कधी विचारलं नाही. ह्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या घरात बोलायची पद्धत नव्हती, टोमणे मारायची होती, आणि त्यात माझा हात कुणी धरला नसता.

एका सकाळी ह्यांच्या आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. ते तसंच निवलं. छातीत कळ आली, म्हणाले जरा पडतो, आणि पडले ते पडलेच.

तेरावं होईपर्यंत काही सुचलं नाही. नंतर वाटलं, चला, ह्यांच्याबरोबर ती सवतही गेली. ती कुठली जाते! हे होते तेव्हा ती चार गावांना माहीत होती. हे गेले आणि हिचे दिवस आले. कुणीतरी एका हळदीत तीच चाल मोबाइलवर रेकॉर्ड केली होती, ती म्हणे या फोनातून त्या फोनात पसरली. जीपमध्ये ती, रसवंतीवर ती, भात भरडायला गेले तर गिरणीत ती. आणि ऐकणारे कोण? ज्यांनी माझ्या नवऱ्याला कधी बघितलंसुद्धा नाही असे लोक माना डोलावणार. ह्यांची आवडती चाल, आणि तिच्यावर मजा मारणार दुनिया. माझा जळफळाट व्हायचा. पहिले सूर आले की मी उठायची, खिडकी लावायची, किंवा सरळ सांगायची, बंद कर ते. घरात तर फतवाच काढला होता, माझ्यासमोर पार्टीचं नाव काढायचं नाही.

घरात म्हणजे आमच्या दोन घरांत. शेजारची खोपी धाकट्या दिराची. जाऊ चांगली आहे. तिचं एकच चुकतं, तिचा नवरा जिवंत आहे. दिवसभर त्यांच्या नावानं शंख चालू असतो, ओला टॉवेल खाटेवर टाकला, तंबाखू थुंकली, भात लावायला वेळेवर आले नाहीत. ती शिव्या घालते ना, त्या शिव्यांचाही मला हेवा वाटतो. शिवी घालायला समोर माणूस लागतो.

मला मूलबाळ नाही. जावेचा मुलगा माझ्याच मांडीवर वाढला. टाळूला तेल मी घातलं, पहिल्या दिवशी शाळेत मी सोडला. यंदा त्याचं लग्न ठरलं. हळदीची सुपारी देऊन आला तो आधी माझ्याकडे.

"काकी, पार्टी ठरली. काकांचीच."

"मग मी नाय," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी रागानं बोलले, उतरेल राग. माझा राग उतरत नाही, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं.

त्याच सुमारास एक गोष्ट कानावर यायला लागली होती. स्टेशनाबाहेर दुपारी एखादा रिक्षावाला घरी निघाला की बाकीचे ओरडायचे, "ती थांबली असंल जेवायची!" आणि हसायचे. एकदा आमचा पुतण्याही ओट्यावरून मित्रांमधून उठता उठता तेच म्हणाला. मी दारात उभी होते. मला बघितल्यावर त्यानं जीभ चावली. मी म्हटलं, असेल मोबाइलातला काहीतरी चावटपणा.

हळदीच्या चार दिवस आधी जाऊ आली. माझ्यासमोर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"ताई, ती चाल एकदा शेवटपर्यंत ऐका तरी. मग काय बोलायचं ते बोला."

"तुला काय जातंय ऐका म्हणायला?" मी म्हटलं. "तुझा आत घोरतोय."

ती तशीच उठून गेली. घाव वर्मी बसला हे मला कळलं होतं. पण तोंडातून गेलेलं परत घ्यायची मला सवय नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. हातात हळदीची वाटी. म्हणाली, संध्याकाळी पहिली हळद तुमीच लावायची, बाकी कोण काय बोलंल ते मी बघते. आमच्यात विधवा हळद लावत नाही. तिनं ते मनापासून म्हटलं होतं, आता मला कळतं. तेव्हा मला ती दया वाटली. माझ्यावर दया करणारी ही कोण, कपाळभर कुंकू लावून? मी म्हटलं, माझ्या हाताचा अपशकुन कशाला, मी भावाकडे चालले मुरबाडला. पिशवी भरलेलीच होती.

ओट्यावर नवरामुलगा उभा. त्यानं माझी पिशवी घेतली आणि रिक्षात नेऊन ठेवली. वळून घरात गेला. रिक्षा हलली तशी मला मागं बघायचं होतं, पण मागच्या काचेवर तो स्टिकर.

शहापूरला उतरून मुरबाडकडची जीप धरली. भरल्याशिवाय ती हलत नाही, तेव्हा भरली. मी सगळ्यात मागं, एका बाजूला खताची गोणी घेतलेला म्हातारा, दुसऱ्या बाजूला कॉलेजची पोरगी. किन्हवली मागं पडली आणि ड्रायव्हरनं पेनड्राइव्ह लावला. पहिले दोन सूर आणि मी ओरडले,

"बंद कर रे ते!"

"मावशी, शेवट येऊ द्या, मग बंद करतो," तो आरशातून हसला. "शेवटासाठी तर लावलंय."

उठून जायला जागा असती तर गेले असते. गोणीवर पाय, पायांवर पिशवी, दाराला बाहेरून कडी. आयुष्यात पहिल्यांदा ती चाल मला पूर्ण ऐकावी लागली. आधी सावकाश, मग मागून ढोल. खोटं कशाला बोलू, चांगली आहे मेली.

चाल संपली. रेकॉर्डिंग संपलं नाही. भांड्यांचा आवाज, कुणीतरी खोकलं. मग कुणीतरी म्हणालं, "दादा, जेवून जा की. मटण तयार हाय."

आणि आमचे मालक म्हणाले, "नाय रे बाबा. ती थांबली असंल जेवायची. येतो मी."

‘ती थांबली असंल जेवायची’ हे अख्ख्या जीपनं त्यांच्याबरोबर म्हटलं. गोणीवाल्या म्हाताऱ्यानंसुद्धा. आणि सगळे हसले.

माझ्याकडे ह्यांचा आवाज नव्हता. फोटो आहेत, तेही तीन. एक लग्नातला, एक कंपनीच्या कार्डावरचा, आणि एक कुणाच्या तरी हळदीतला, त्यात डोळे मिटलेले. दोन वर्षं मी रोज तो आवाज आठवायचा प्रयत्न करत होते आणि रोज तो थोडा कमी आठवत होता. आणि या तालुक्यात ज्याच्या त्याच्या खिशात तो होता! ड्रायव्हरनं रोज ऐकला. रिक्षावाल्यांनी ऐकला. जावेनं ऐकला, तिच्या घोरणाऱ्यानं ऐकला. टी-शर्टवाल्या त्या बाप्यानंही ऐकला असणार. एकट्या बायकोनं कान झाकले. वाटलं, एकेकाच्या हातातला फोन हिसकावून घ्यावा आणि म्हणावं, द्या इकडं, तो माझा आहे.

शेजारची पोरगी हसत हसत म्हणाली, "कोण असंल ना ती? काय नशीब असंल त्या बाईचं!"

तोंडाशी आलं होतं, मीच ती. पण ते खोटं झालं असतं. मी कुठं होते ती? ती बाई उपाशी बसलेली, ताटं झाकून, दाराकडे कान लावून. मी आठला जेवून, ढेकर देऊन, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. जन्मात मी अनेकींवर जळले. जावेवर जळले, हळदीत नाचणाऱ्या बायांवर जळले, तारांच्या एका खोक्यावर जळले. पण त्या दिवशी त्या जीपमध्ये मला त्या थांबलेल्या बाईचा जेवढा हेवा वाटला तेवढा कुणाचाच वाटला नव्हता.

आणि ह्यांना ते माहीत होतं हो! दर वेळी घरी येऊन माझी पाठच तर बघत होते. मटण सोडून यायचं, निवलेली भाकरी एकट्यानं खायची, ताट घासून ठेवायचं, आणि पुढच्या हळदीत परत चार माणसांत सांगायचं, ती थांबली असंल. माझी अब्रू राखायला सांगत होते, की आज तरी थांबली असेल असं खरंच वाटायचं? आता कुणाला विचारू?

"परत लाव," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"आवडलं ना, मावशी?"

"लाव म्हटलं ना!"

सरळगाव येईपर्यंत त्यानं ती तीनदा लावली. तिथं उतरले. भावाला फोन केला, येत नाही म्हणून, आणि शहापूरकडं जाणाऱ्या जीपची वाट बघत फाट्यावर उभी राहिले.

घरी पोचले तेव्हा मांडवात बाया जमल्या होत्या. पाय धुतले आणि सरळ पाटाशी गेले. जाऊ वाटी घेऊन उभीच होती, जशी काही तिला खात्री होती. मी पोराच्या दोन्ही गालांना हळद लावली. कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "काकी, मुरबाडला नाय गेलात?" म्हटलं, गप बस, नवरामुलगा आहेस.

बेंजोवाला जवळ आला, वाकून पाया पडला. इतकी वर्षं जिला शिव्या घातल्या ती सवत ही, पांढऱ्या केसांचा बारकासा माणूस. म्हणाला, "वहिनी, दादांची चाल वाजवू? तुमी नको म्हणाल तर नाय."

"वाजव," मी म्हटलं. "शेवटपर्यंत वाजव."

पंगत बसायला लागली तशी जाऊ ताट घेऊन आली. "ताई, सकाळपासून पोटात काय नाय तुमच्या. जेवून घ्या गो बाय आधी."

मला कडकडून भूक लागली होती. अंगणात बेंजो सुरू झाला. मी ताटावर दुसरं ताट झाकलं आणि दाराकडे तोंड करून बसले.

"नाय गो," म्हटलं. "थांबते."