साडेतीन मिनिटांचा आवाज

दवाखान्यांतून तिला सगळे 'कानवाल्या बाई' म्हणत. कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे सूर ऐकवणारी, माणसाला किती ऐकू येतं ते सांगणारी यंत्रं असतात. ती नीट चालतात की नाही हे तपासणं तिचं काम. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस फिरतीवर. एका खांद्याला अवजारांची पेटी, दुसऱ्या खांद्याला कंपनीचा लॅपटॉप आणि पर्समध्ये एक गुंडाळलेली वायर. डबा विसरला तरी चालेल, पण वायर विसरून चालायचं नाही.

त्या वायरीनं मोबाइल लॅपटॉपला जोडला की इंटरनेट मिळे आणि ईमेल उघडत. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत फिटर. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर. जहाजावरून फोन करायची सोय नव्हती. ईमेल तेवढे पाठवता येत, तेही जहाजाच्या ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवरून, रांगेत नंबर लावून. तो हट्टानं मराठीत लिही. इंग्रजीत लिहिलं की साहेबाकडे रजा मागितल्यासारखं वाटतं, म्हणे. तिच्या मोबाइलवर मात्र त्या मराठीचे नुसते चौकोन दिसत. म्हणून हा सगळा खटाटोप. रेंज मिळावी म्हणून मोबाइल बसच्या खिडकीला टेकवायचा, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा आणि वळण आलं की दोन्ही हातांनी दोन्ही धरायचे. शेजारचे उतारू आधी बघत राहत, मग सरकून जागा देत.

त्याच्या ईमेलमध्ये काय काय असे. जहाजावरच्या आचाऱ्यानं मीठ दोनदा घातलं. पंप बिघडला, अंगभर तेल उडालं. गच्चीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह बघून ठेव, मी आल्यावर बदलतो. ती सगळं वाची, मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाची. सहाव्या महिन्यात एकदा असं वाचताना तिच्या लक्षात आलं, की मनातल्या मनात उमटतोय तो आवाज आपलाच आहे. त्याचा नाही. तिनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्याचं हसताना मान मागे टाकणं आठवलं, बोलता बोलता बनियनची कड ओढणं आठवलं, आवाज काही आला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांतले सूर ऐकायचे आणि आपलं माणूस कानातून निसटून जायचं. ती हबकलीच.

त्याच बसमध्ये तिनं लिहिलं, "तुझा आवाज मला आठवेनासा झालाय. हसू नकोस."

तीन आठवडे त्यावर काहीच उत्तर नव्हतं. ईमेलमध्ये पंप आणि व्हॉल्व्ह चालूच होते. आणि एक दिवस सकाळी, गाडी बदलायला एका स्टँडवर उतरली असताना, तिनं बाकावर बसून वायर जोडली तर त्याचा ईमेल होता. "सहा तासांसाठी बंदरावर उतरलोय. तुला तीनदा फोन लावला, लागला नाही. घाटात असशील. आता परत जायला हवं. आवाज पाठवतोय."

ती घाटातच होती. मोबाइलवर रेंजची एकही पट्टी नसलेल्या त्या दीड तासात त्यानं तीनदा फोन केला होता. तिला रडूही येईना. ईमेलखाली जोडलेल्या फाइलवर तिनं क्लिक केलं आणि खालची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. चौदा टक्क्यांवर तुटली. पुन्हा सुरू केली, तीस टक्क्यांवर तुटली. ती बाक सोडून पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर गेली. तिथे रेंज बरी होती, बॅटरी मात्र निम्म्याखाली आली होती.

"ताई, तुमची गाडी लागलीय," कंडक्टरनं हाक मारली. गाडीचं विचारायला मघाशी तीच त्याच्याकडे गेली होती.

"किती वेळ थांबेल?"

"पाच मिनिटं."

पट्टी बावन्न टक्क्यांवर होती. बस हलली, तर वायरही हलणार, पुढे पुन्हा घाट. "तुम्ही जा," ती म्हणाली.

"पुढची दोन तासांनी आहे हो."

"असू दे."

फाइल पूर्ण उतरल्यावर दवाखान्यात फोन करून तिनं गाडी चुकल्याचं कळवलं. खोटं नव्हतं ते. गाडी डोळ्यांसमोर उभी असतानाच चुकली, एवढंच.

मग तिनं पेटीतला कामाचा हेडफोन काढून कानाला लावला. आधी नुसती घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग खोकला. मग तो. "हां. ऐकू येतंय का? काय बोलायचं ते कागदावर लिहिलं होतं, तो कागद जहाजावरच राहिला." पुन्हा खुर्ची सरकली. "आईला सांग, जेवतो वेळेवर. तू... फार दमतेस का गं?" पुढे पुन्हा टाकीचा व्हॉल्व्ह. साडेतीन मिनिटं. ती टाकीला पाठ टेकून पुढची गाडी येईपर्यंत तेच ऐकत बसली.

घरी सासूबाई होत्या. पाच वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येई, पण गावभराची यंत्रं तपासणाऱ्या सुनेला त्या आपल्या कानांना हात लावू देत नसत. "मला सगळं ऐकू येतं. लोकच हल्ली पुटपुटतात." फिरतीवरून आल्यावर तिनं काही न विचारता हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि आवाज वाढवत नेला. सासूबाईंचा चेहरा एकदम स्थिर झाला.

"खोकतोय हा," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं, "कोणत्या कागदाबद्दल बोलतोय?" आणि संपल्यावर, "पुन्हा लाव."

त्या दिवशी पाच वेळा लावला. आठवड्याभरानं त्या स्वतःच म्हणाल्या, "ते कानात घालायचं मशीन म्हणत होतीस ना, बघू या कसं असतं ते." सुनेनं कान तपासले, मशीन आणलं. पुढे ती फिरतीवर निघाली की सासूबाई दारात येऊन विचारत, "आज नवीन आवाज येईल का?" ती म्हणे, "बघते." येत नसे. त्याला बंदरावर परत उतरायलाच मिळालं नाही.

तो आवाज आल्यापासून अकराव्या आठवड्यात तो स्वतः आला, दुपारी, खांद्यावर बॅग घेऊन. दोघी स्वयंपाकघरात होत्या. दारातून त्यानं "आई" म्हटलं, तेव्हा सासूबाई आधी वळल्या, मग ती. तो बारीक झाला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. गेले अकरा आठवडे कानात बसलेला आवाज जरा जाड होता, हा त्याहून हलका. कुठला खरा, हे ठरवायला तिला दोन-तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी तिला फिरतीवर जायचं होतं. तो तिला सोडायला स्टँडवर आला. बस येईपर्यंत दोघं बाकावर बसून होते.

"काहीतरी बोल ना," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. टाकीबद्दल बोल."

तो टाकीबद्दल बोलू लागला आणि ती बस येईपर्यंत ऐकत राहिली.