वारा सरला का?

सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं की नाना डॉक्टर पहिला प्रश्न विचारायचे, "वारा सरला का?" तोही खणखणीत आवाजात, चारचौघांत. बायका तोंडाला पदर लावायच्या. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास संगमनेरात त्यांच्या दवाखान्यात मी नवी नर्स म्हणून लागले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. वर मलाच ऐकवायचे, "सिस्टर, लाजता काय? पोट उघडलेल्या माणसाची आतडी चालू झाली, याहून चांगली खबर कुठली?" नाना पक्के चहाबाज. पण लहान मुलाचं पोट उघडलं की त्याचा वारा सरेपर्यंत यांचा चहा बंद. "पोर उपाशी, अन् मी फुरके मारू?"

सात वर्षांची कमल आली ती पोट टम्म फुगलेलं, हिरव्या उलट्या करत. बेंबी सरकली म्हणून तिची आत्या दोन दिवस पोट चोळत होती. गावात बेंबी बसवण्यात आत्याचा हातखंडा. नानांनी त्याच दुपारी पोट उघडलं. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याला जन्मापासून भोक होतं, त्यात आतडं शिरून आवळलं होतं, पार काळंनिळं. नानांनी ते सोडवलं, कोमट मिठाच्या पाण्याच्या फडक्यात गुंडाळलं. आम्ही बघत राहिलो. हळूहळू ते गुलाबी झालं. कापावं लागलं नाही, नुसतं भोक शिवलं.

बाहेर आत्या रडत होती. "म्या चोळून चोळून पोरीचा जीव घेत हुते."

"आत्याबाई, सरकलं होतं हे तुम्ही बरोबर ओळखलंत. फक्त बेंबी नव्हे, आतडं. ते हातानं बसत नाही. हिरवी उलटी झाली की चोळायचं नाही, पोर उचलून इकडं यायचं." मग नानांनी आपली गळ्यातली तपासायची नळी तिच्या कानाला लावली. "रोज पोट ऐका. गुडगुडलं की सांगा."

तीन दिवस आत्या कान लावून बसली. चहावाचून नाना असे वैतागले की मला दोनदा उगाच झापलं. चौथ्या सकाळी ते दारात दिसताच आत्या म्हणाली, "सरला, नाना. म्या ऐकला, नळीबिगर." कमलनं चादर डोक्यावर ओढून घेतली. अख्खा वॉर्ड हसला. नानांनी सगळ्यांना चहा सांगितला, स्वतः दोन कप ढोसले. मी त्या दिवशी लाज सोडली ती सोडलीच.

वर्षभरानं आत्या पुन्हा आली, एसटीतून उतरून धावत, कडेवर शेजारणीचं लेकरू. "सकाळी हिरवं ओकलं. हात लावला न्हाई, नाना."

नानांनी लेकराचं पोट तपासलं, आत्याला हात जोडले आणि मला म्हणाले, "सिस्टर, चहा बंद."