भावोजींचं मौनव्रत

ठाण्यापासून पार टिटवाळ्यापर्यंत असं एक घर दाखवा, ज्यातल्या एकाही जिवानं आमच्या भावोजींच्या विषयात गटांगळी खाल्लेली नाही. मी तुम्हाला माझ्या हातच्या पुरणपोळ्या खाऊ घालते. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. राहतात ठाकुर्लीला आणि कल्याणच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात, ज्याला पोरं 'स्टॅट्स' म्हणतात आणि पोरांच्या आया 'ते मेलं स्टॅट्स' म्हणतात. बरं, नापास झाल्यावर पोरांनी यांच्या नावानं खडे फोडावेत, तर तेही नाही! ज्यांना केटी लागली तेच दिवाळीला फराळाचा डबा घेऊन सगळ्यांच्या आधी दारात हजर. एकदा मी त्यांच्याबरोबर ठाकुर्लीच्या बाजारात साधी कोथिंबीर घ्यायला गेले. वाटेत एक रिक्षा कचकन थांबली आणि आतला तगडा गडी खाली उतरून वाकून पाया पडला. "सर, ओळखलं का? दोनदा केटी लागलेली तुमच्या पेपरात!" हे त्यानं अशा ऐटीत सांगितलं की मला वाटलं, याला दोनदा सुवर्णपदक मिळालंय. भावोजींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, "तिसऱ्यांदा काय फर्स्ट क्लास सुटलास रे!" कोथिंबीर राहिली बाजूला, आम्हाला रिक्षातून घरपोच सोडलं त्यानं.

आता हा माणूस पोरांना एवढा का आवडावा, यावर त्यांच्या स्टाफरूममध्ये बरीच वर्षं खल चाललेला आहे. मार्क सढळ हातानं देतात म्हणावं, तर अर्ध्या मार्कासाठी हे पोरांना रडकुंडीला आणतात. दिसायला देखणे म्हणावं, तर पँटच्या दोन्ही खिशांवर कायम खडूच्या पंज्यांचे ठसे. विनोद करतात म्हणावं, तर तेच विनोद माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी केलेले आहेत आणि तेव्हाही ते शिळेच होते. त्यातून मुलांची नावं त्यांना जन्मात लक्षात राहिलेली नाहीत. स्टेशनं तेवढी राहतात. वर्गात सगळा कारभार स्टेशनांवर. "ए विठ्ठलवाडी, पंखा लाव रे." "काय मुंब्रा, आज वेळेवर? घड्याळ बिघडलं का?" डोंबिवलीची पोरं उदंड, म्हणून त्यांना डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम आणि पुलाला लागून घर असलेल्या एका बिचाऱ्याला नुसतंच 'पूल'. शहाडच्या एका विद्यार्थिनीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलेलो. भावोजींनी स्टेजवर नवऱ्या मुलाला विचारलं, "तुम्ही कुठले?" तो म्हणाला, "अंबरनाथ." झालं! हे अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "वा वा! आमची शहाड कल्याणला गाडी बदलून अंबरनाथला निघाली!" नवरी हसून हसून मुंडावळ्या सावरत होती, आणि विहीणबाईंचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झालेला. ताईनं मला कोपरखळी मारली आणि आम्ही दोघी मठ्ठ्याच्या टेबलाकडे पळालो.

पण त्यांची खरी गंमत फळ्यापाशी. भावोजी गणितात चुकतात. सारखे चुकतात. भलंमोठं उदाहरण तावातावानं सोडवत जायचं आणि मधेच बेरीज घसरवायची. मग वर्गातून कोणीतरी "चुकलं!" म्हणून ओरडायचं अवकाश, की यांना कोण आनंद! "कुठे चुकलो? दाखव, दाखव!" पकडणाऱ्याच्या हातात खडू द्यायचा, त्याला फळ्यापाशी उभं करायचं आणि स्वतः त्याच्या जागेवर जाऊन बसायचं. नुसतं बसायचं नाही. शेजारच्याशी गप्पा मारायच्या, पुढच्याच्या डब्यातला ढोकळा उचलायचा, फळ्यापाशी उभ्या असलेल्याला "सर, परत सांगा ना, कळलं नाही" म्हणून छळायचं. ज्या पोराला आयुष्यात कोणी चार माणसांसमोर उभं केलं नव्हतं, तो हा हा म्हणता घसा खाकरून शिकवायला लागायचा. लोक म्हणतात, सर मुद्दाम चुकतात, केवढी ही अध्यापनपद्धती! ताई म्हणते, "मुद्दाम कसलं डोंबल! घरी सहा पाहुणे आले तर हे पाच ताटं मांडतात." खरं काय ते देव जाणे. एवढं नक्की की गप्प वर्गाची त्यांना भीती वाटायची. गप्प वर्ग म्हणजे नापास वर्ग, असं ते म्हणायचे.

आणि आवाज! काय विचारता! जिन्याशेजारच्या त्या मोठ्या हॉलमध्ये त्यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं की खाली कॅन्टीनवाला चहाचं आधण ठेवायचा. माइकला त्यांनी कधी हात लावला नाही. माइक म्हणजे ज्याच्यापाशी बोलण्यासारखं काही नाही त्याचं खेळणं, म्हणे. अशा माणसाचा आवाज गेल्या वर्षी दिवाळीनंतर बसला, तो उठेचना. ताईचं ज्येष्ठमध झालं, हळददूध झालं, शेजारणीचा तो जहाल काढाही झाला. शेवटी मी त्यांना आमच्या नौपाड्यातल्या घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि म्हणाले, "स्वरयंत्रावर गाठ आहे. साधीच आहे, घाबरू नका. पण तीन आठवडे एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर ऑपरेशन, आणि मग आवाजाची हमी मी देणार नाही." भावोजी म्हणाले, "एक शब्द नाही म्हणजे?" डॉक्टर म्हणाले, "हे चार झाले."

तिथून माझ्या घरी आलो. मी नातवाची पाटी त्यांच्या हातात दिली, काय हवं ते लिहा म्हटलं. मला वाटलं, चहा मागतील. त्यांनी लिहिलं, 'पोरं येतील का गं आता?' मी हसलेच. म्हटलं, "भावोजी, जीव गेल्यासारखं काय करताय, तीन आठवड्यांचा तर प्रश्न." त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं, 'आवाज सोडला तर माझ्याकडे आहे काय?' वर पाहिलं तर डोळ्यांत पाणी. रिटायर व्हायला जेमतेम दोन वर्षं उरलेली, आणि या माणसाला भीती पडलेली की आपण आजच संपलो.  मी उठून चहाच टाकला.

प्रिन्सिपॉलबाई भल्या. रजा घ्या म्हणाल्या. पण तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आलेली, हे कसले ऐकतात! ताईनं मला फोन केला. "हे वर्गात गेले की बोलणार म्हणजे बोलणारच. तू बँकेतून व्हीआरएस घेऊन सुटलीयेस, रिकामीच आहेस. जाऊन पहाऱ्याला बस." आणि मी त्यांच्याकडे पोचले तर माझ्या हाती तिनं गणपती विसर्जनाला वाजवतात तसली एक शिट्टी दिली. भावोजींनी तोंड उघडलं की मी वाजवायची! या वयात मी पर्समध्ये शिट्टी घेऊन कॉलेजात निघाले, आणि खोटं कशाला सांगू, मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

पहिल्या दिवशी हॉल गच्च. मी शेवटच्या बाकावर बसले. भावोजींनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मला बोलायची बंदी आहे. तुम्ही बोला.' कोणी बोलेना. त्यांनी उदाहरण घातलं, सोडवलं, मधे बेरीज घसरवली, आणि वळून आशेनं पाहत राहिले. चिडीचूप! फळ्यावर हे एवढं प्रश्नचिन्ह काढलं. तरी चिडीचूप. विठ्ठलवाडीकडे बोट केलं, तर तो उभा राहिला, त्यानं हात जोडले आणि खाली बसला. एवढी शांतता आमच्या बँकेत संपाच्या दिवशीही नसायची. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पोरं येत होती, बसत होती आणि दगडासारखी गप्प उठून जात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी भावोजी पानावरून अर्धपोटी उठले. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'संपलं. त्यांना मी नव्हतो आवडत, आवाज आवडायचा.' खाली लिहिलं, 'उद्या प्रिन्सिपॉलबाईंना सांगतो, वर्ग कोणा तरुण माणसाला द्या.' पहिले दोन दिवस घरात शांतता मिळाली म्हणून देवापुढे साखर ठेवणारी माझी ताई, ती स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावून बसली. मला मात्र पोरांचा असा काही राग आला म्हणून सांगू! जन्मभर ज्यानं तुमच्यासाठी घसा फोडला, त्याचा घसा बसला तर एक शब्द देववत नाही मेल्यांना?

चौथ्या दिवशी मी आधीच तापलेली. भावोजींचा चेहरा उतरलेला, हाताला उत्साह नाही. फळ्यावर रटाळपणे आकडे मांडत होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, मी आपली पाढे तेवढे तपासत होते. आणि लिहिता लिहिता त्यांनी लिहिलं, सात आठे चोपन्न. मी वाट पाहिली. एवढा हॉलभर पदवीधर व्हायला निघालेला जमाव, एकाच्या तोंडातून शब्द नाही! बाई, उभी हयात मी कॅश काउंटरवर काढली. चोपन्न मला पचेना. मी उभी राहिले, शिट्टी तोंडात घातली आणि पिर्रर्र करून अशी वाजवली की पुढची दोन पोरं बाकावरून घसरली. "चुकलं! सात आठे छप्पन!"

भावोजी वळले. चेहरा असा फुलला की काय सांगू! तरातरा चालत माझ्यापर्यंत आले, माझ्या हातात खडू ठेवला आणि माझ्या जागेवर ऐसपैस बसले. आता आली का पंचाईत! मी फळ्यापाशी जाऊन उभी. चोपन्नचे छप्पन केले, पण पुढे ते वर्गमूळ का काय, ते माझ्याकडे बघतंय नि मी त्याच्याकडे. मी वर्गाला म्हटलं, "आता पुढे काय? कोणाला येतं का, की तुम्हा सगळ्यांच्याच घशात गाठ आलीये?" पहिल्या बाकावरची टिटवाळ्याची पोरगी चाचरत उठली. "मॅडम, तसं नाही. आमचं ग्रुपवर ठरलंय. आम्ही काही विचारलं की सर बोलणार. सर बोलले की ऑपरेशन, असं प्रिन्सिपॉल मॅडमनी आधीच सांगितलंय. म्हणून कोणी तोंडच उघडायचं नाही. सरांच्या चुका तर आम्हाला पण दिसतायत ना, नुसतं पोटात दुखायला लागलंय." मागून विठ्ठलवाडी ओरडला, "मॅडम, मी तर तोंडात रुमाल कोंबून बसतो!"

माझ्या हातातला खडूच पडला. म्हटलं, "अरे गाढवांनो! गप्प त्यांनी बसायचंय, तुम्ही नाही! तो माणूस जेवत नाहीये. तुम्हाला तो नकोसा झालाय असं वाटतंय त्याला. आज वर्ग सोडून द्यायला निघालाय!" विठ्ठलवाडी म्हणाला, "आयला! सॉरी सर!" आणि मग जो काही गोंगाट उसळला! साठलेल्या चुका, साठलेले प्रश्न, सगळं एकदम. "सर, सोमवारचं दुसरं गणित पण चुकलेलं!" "सर, ते वजा हवं होतं!" "ए पूल, तू बस ना खाली, मला दिसत नाहीये!" भावोजी शेवटच्या बाकावर तोंडावर रुमाल दाबून बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. हसत होते की रडत होते, मला इतक्या लांबून कळलं नाही. बहुधा दोन्ही.

पुढचे दिवस म्हणजे नुसती जत्रा. खडू या हातातून त्या हातात. मुंब्रा शिकवतोय, टिटवाळा त्याच्या चुका काढतेय, डोंबिवली पूर्व आणि पश्चिम एकमेकांशी भांडतायत, आणि भावोजी मधे उभे राहून हातवारे करतायत. एकदा तर शिपाई वर आला आणि हात बांधून म्हणाला, "सर, बाईंनी सांगितलंय, जरा आवाज कमी करा." भावोजींनी पाटीवर लिहून दाखवलं, 'मी तर काहीच बोललो नाही.'

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. गाठ विरत आली होती, ऑपरेशन टळलं. पण ते म्हणाले, बोला, हळू बोला. आधीचा आवाज आता परत येईल असं धरून चालू नका. भावोजींनी मान हलवली. घरी जाताना ते पहिल्यांदा बोलले, "ठीक आहे." घोगरं, फाटकं, जेमतेम शेजारच्याला पोचेल असं. ते दोन शब्द ऐकून मला वाटलं, आपण याआधी या माणसाला बोलताना ऐकलंच नव्हतं की काय.

दुसऱ्या दिवशी पहाऱ्याची गरज नव्हती, तरी ताईनं मला धाडलं. मी सवयीनं शेवटच्या बाकावर जाऊन बसले. आजूबाजूला पाहते तर मागचा सगळा भाग ओस. एक पोर नाही. म्हटलं, आवाजाबरोबर पोरं गेलीच शेवटी. मग पर्समधून चष्मा काढून लावला आणि पुढे पाहिलं. अख्खा वर्ग पुढे येऊन दाटीवाटीनं बसला होता. दोघांच्या बाकावर चौघं, काही फळ्यापुढच्या चौथऱ्यावर, उरलेली खाली मांडी घालून, अगदी भावोजींच्या पायाशी. मागे बसून टवाळक्या करणारेच सगळ्यात पुढे. भावोजी बोलत होते. ओठ हलताना दिसत होते, हात हलत होते, मधेच सगळी पोरं खदखदून हसली. कशावर हसली, मला इतक्या मागे काही ऐकू आलं नाही. मी पर्स उचलली आणि दबक्या पावलांनी पुढे गेले. टिटवाळ्याच्या पोरीनं फळ्यावरची नजर न हलवता जरा आत सरकून मला जागा करून दिली.