इंदूमावशीचा तेरडा

भाद्रपद लागला की आमच्या घाटकोपरच्या सोसायटीत इंदूमावशी खिडकीत काठी घेऊन बसायची. तिच्या तळमजल्यावरच्या खिडकीखाली, स्कूटर लावायच्या जागेच्या कडेनं, तेरडा फुललेला असे. गुलाबी, जांभळा, पांढरा, मध्येच एखादा लालभडक. पलीकडे झेंडू, कुंपणाला गुलबक्षी. बाकी सगळं आवार शेवाळलेलं, आणि एवढाच कोपरा लग्नाला निघाल्यासारखा. गणपतीच्या हारासाठी कोणी एक फूल मागितलं तरी काठी बाहेर यायची. "गौर येईस्तोवर हात लावायचा नाय. मग सगळा वाफा घेऊन जा." आणि विसर्जन झालं की खरंच दारोदार फुलं वाटत फिरायची.

मावशी मूळची कोकणातली. नवरा गिरणीत होता, तो कधीच वारला. मुलगा कॅनडात. विधवेनं गौर आणू नये असं कोणी सुचवलं, तर ती शांतपणे विचारायची, "मग तिनं काय रस्त्यावर बसायचं?"

तिच्याकडे मुखवटा नव्हता. मुळांसकट उपटलेली तेरड्याची रोपं सुपात घ्यायची, तीच गौर. दारात आली की आतल्या बाईनं विचारायचं, 'कोण आलं?' बाहेरचीनं म्हणायचं, 'गौर आली.' मगच उंबरा ओलांडायचा. एकट्या बाईनं हे कसं करावं? शेजारणी त्या वेळी आपापल्या गौरींच्या गडबडीत. आम्ही बौद्ध, आमच्याकडे गौरी-गणपती नाहीत, म्हणून मी बरी रिकामी सापडले. पूजाबिजा करणार नाही, हे मी आधीच बजावलं.

"तुला कोण करायला सांगतंय? आत उभी राह नि विचार. घरात माणूस हाय, एवढं तिला कळलं की झालं."

माझी आई यावरून दोन दिवस धुसफुसली. मग दरवर्षी तीच मला आठवण करू लागली.

गेल्या दिवाळीच्या आधी मावशी गेली. तिची शेवटची गौर मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दिवशी साकीनाक्याच्या ऑफिसात मला उशिरापर्यंत अडकवून ठेवलं. पोचले तेव्हा घराघरांत आरत्या चालू होत्या आणि मावशी आपल्याच दाराबाहेर उभी होती. हातात सूप, तेरड्याच्या माना पडलेल्या. गौर खाली ठेवायची नसते आणि ती घेऊन दुसऱ्याच्या दारी जायचं नसतं, म्हणून ती तशीच उभी राहिली होती. आत दिवा नव्हता.

चपला काढून मी तिच्या बाजूनं आत शिरले, दिवा लावला आणि वळून विचारलं, "कोण आलं?"

तिनं सुपाकडे पाहिलंही नाही.

"मी आले गो," ती म्हणाली.

'गौर आली' म्हण, असं मी तिला सुचवणार होते. नाही सुचवलं. "ये," म्हटलं, आणि ती आत आली.